दरपत्रकात न मावणारा खर्च

महाविद्यालयात कोणतीही वस्तू घ्यावयाची झाली की तीन दरपत्रके मागविली जातात, त्यांचा तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि खरेदी समिती नीचतम दरापुढे स्वाक्षरी करते. वस्तू आली की तिची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत होते. काही वर्षांनी ती निकामी ठरली की निर्लेखनाचा ठराव होतो आणि तिचे नाव नोंदवहीतून जाते. बाक, कपाट, पंखा यांच्यासाठी ही रीत पुरेशी आहे. संगणकासाठी ती पुरत नाही, कारण संगणकात मजकूर असतो आणि यंत्र निर्लेखित झाले तरी मजकुराची गरज संपत नाही. त्या मजकुरासाठी नोंदवहीत रकाना नाही.

आम्ही सोनईत राहणारे आणि आसपासच्या महाविद्यालयांत मराठी शिकविणारे. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांपैकी दीर्घकाळात कोणता संगणक स्वस्त पडतो, हा वाद वरकरणी वाणिज्य विभागाचा वाटेल. परंतु या वादाचा जो भाग मराठीत घडला, त्याची किंमत वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मोजली आहे. म्हणून त्याचा इतिहासही आपणच लिहावयास हवा. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, संगणकाचा खरा मालकीखर्च तो घेताना किंवा वापरताना ठरत नाही. त्यातून आपला मजकूर सहीसलामत बाहेर काढताना ठरतो. मराठीच्या बाबतीत हा बाहेर पडण्याचा खर्च इतका मोठा होता, की त्यापुढे तिन्ही यंत्रांच्या किमतींतला फरक गौण ठरावा.

मालकीखर्चाची कल्पना

वस्तूची किंमत वेगळी आणि ती सांभाळण्याचा खर्च वेगळा, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण तेच सांगते. संगणकाच्या व्यवहारात हा विचार पद्धतशीरपणे रूढ केला तो गार्टनर या अमेरिकन सल्लागार संस्थेने, १९८७ पासून. यंत्राच्या किमतीत आज्ञावलींचे परवाने, दुरुस्ती, प्रशिक्षण, बंद पडलेल्या यंत्रामुळे वाया गेलेला वेळ असे सारे मिळवून एकूण मालकीखर्च काढावयाचा, अशी ती रीत होती.

त्याआधीची तुलना सोपी होती. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक १,५६५ डॉलर या पायाभूत किमतीला आला. १९८४ च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिन्टॉश आला तो २,४९५ डॉलरला. आयबीएमच्या यंत्राची नक्कल इतर कंपन्यांना करता आली आणि किंमत उतरत गेली. मॅकची नक्कल होऊ शकली नाही आणि तो महागच राहिला. मॅकच्या पुरस्कर्त्यांनी मग मालकीखर्चाचा आधार घेतला: यंत्र महाग असले तरी ते कमी बिघडते, शिकावयास सोपे जाते, म्हणून अखेरीस स्वस्त पडते. १९९१ मध्ये लिनक्सचा जन्म झाला आणि या वादात तिसरा पक्ष आला. त्याचा परवाना फुकट, पण त्याचे जाणकार थोडे.

पुढे आकडे भरपूर निघाले. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने, फुकटचा लिनक्स विंडोजपेक्षा महाग पडतो असे सांगणारी जाहिरात मोहीम चालविली. तिच्या आधाराला घेतलेल्या अभ्यासांपैकी काहींचा खर्च मायक्रोसॉफ्टनेच केला होता. २०१६ मध्ये आयबीएमने सांगितले की, आपल्या कचेऱ्यांत मॅक वापरल्याने चार वर्षांत दर यंत्रामागे सुमारे अडीचशे ते साडेपाचशे डॉलर वाचतात. त्या वेळी आयबीएम ही ॲपलची व्यावसायिक भागीदार होती. या आकड्यांना खोटे म्हणण्याचे कारण नाही. हिशेब कोण मांडतो यावर रकाने ठरतात आणि रकान्यांवर उत्तर ठरते, एवढेच त्यातून घ्यावयाचे. इंग्रजी मजकुराचे संकेतांकन बऱ्याच आधी सामाईक झाले असल्यामुळे, मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात नेल्यावर अक्षरे ओळखू येतील की नाही, हा रकाना इंग्रजीच्या हिशेबात उघडावाच लागला नाही.

मराठी अक्षर आणि तीन यंत्रे

आरंभीचा वैयक्तिक संगणक देवनागरी जाणत नव्हता. त्याला ती शिकविण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग प्रमाणीकरणाचा. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. संगणकात एक वेगळे कार्ड बसविले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सामाईक संकेतांकन तयार झाले आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक होता. क म्हणजे क, मग तो कोणत्याही वळणाचा असो.

दुसरा मार्ग छपाईचा. विंडोज आणि पेजमेकर यांच्या जोडीने अक्षरजुळणीचा धंदा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला, तेव्हा गरज होती ती कागदावर सुबक मराठी उमटण्याची. पुण्या-मुंबईच्या आणि इतर ठिकाणच्या कंपन्यांनी यासाठी टंक तयार केले. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले: अर्धा ण, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या लेखी मजकूर रोमन चिन्हांचाच राही. पडद्यावर आणि कागदावर मात्र तो मराठी दिसे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक. ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते म्हणून ती फायलीतही व्यंजनाच्या आधी साठवली जाई. असा मजकूर अकारविल्हे लावता येत नसे, त्यात शब्द शोधता येत नसे, आणि तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला तर समोर रोमन अक्षरांचा बुजबुजाट दिसे. अनेक आज्ञावली चालविण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे कुलूपवजा एक खुंटी लावावी लागे. ती खुंटी हरवली की आज्ञावलीही हरवली.

या कंपन्यांना आज दोष देणे सोपे आहे. परंतु मोठ्या परदेशी कंपन्या मराठीकडे पाहावयास तयार नव्हत्या त्या काळात, दिवाळी अंकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत मराठी छापून दिली ती या टंकांनीच. खिळे जुळविणाऱ्या कामगारांच्या जागी संगणक आले ते त्यांच्यामुळे. त्यांनी विकले ते छपाईचे साधन. आपण त्यालाच ग्रंथसंग्रह मानले, ही चूक आपली.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्याच पायावर उभारलेला होता. २००० साली विंडोजमध्ये युनिकोड मराठीची सोय झाली. तिच्यासोबतचा 'मंगल' हा टंक घडविला तो र. कृ. जोशी यांनी. आपल्यापैकी अनेकजण त्यांना कवी म्हणून ओळखतात. विंडोज एक्सपीमध्येही ही सोय होती, मात्र ती मूळ तबकडी घालून चालू करावी लागे. ज्यांच्यापाशी तबकडी नव्हती त्यांना मराठी नव्हती. लिनक्सवर स्वयंसेवकांनी मराठी भाषांतरे केली, लोहितसारखे मुक्त टंक आले. मॅक ओएस एक्समध्येही देवनागरी आली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला; बरहा, गमभन यांसारख्या साधनांनी महाजालावर मराठी लिहिणारी पिढी तयार केली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. २००० साली सोय झाली होती, तर मराठी छपाई पुढे दहा-बारा वर्षे जुन्याच टंकांत का अडकून पडली? कारण असे की, लिहिण्याची सोय झाली तरी पाने लावण्याची झाली नव्हती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड देवनागरी येत नव्हती. तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची रीतसर सोय २०१२ च्या आवृत्तीत झाली. मधल्या काळात युनिकोडमध्ये लिहिलेला लेखसुद्धा छपाईसाठी जुन्या टंकात उतरविला जाई, मुद्रिते तपासून त्यातच दुरुस्त होई आणि त्यातच राही. अंतिम, शुद्ध प्रत नेमकी अशा रीतीने कुलूपबंद झाली.

एका संग्रहाचा हिशेब

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. २००४ च्या उन्हाळ्यात सोनई, घोडेगाव, चांदा, शिंगणापूर या गावांतील वयस्क स्त्रियांकडून आम्ही जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या ओवीसंग्रहाचा, लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या प्रचंड कामाचा, आदर्श आमच्यासमोर होता. आमचे काम दोनशे पानांचे. नगरच्या एका अक्षरजुळणी केंद्रात ते जुळवून घेतले. छापील प्रत हाती आली तेव्हा ती घेऊन पुन्हा गावांत गेलो, बायांना वाचून दाखविली, त्यांनी सांगितलेले फरक केंद्रात बसून फायलीत करून घेतले आणि तबकडी कपाटात ठेवली. त्या दुरुस्त फायलीची छापील प्रत काढली नाही. पैसे वाचविले.

२०१३ मध्ये एका विद्यार्थिनीला तो संग्रह देण्यासाठी तबकडी काढली. ती वाचली गेली, एवढे दैव. पण फायलींत रोमन अक्षरांशिवाय काही नव्हते. केंद्र बंद झाले होते. तीच आज्ञावली एका परिचिताकडे सापडली, पण तिची खुंटी ज्या रुंद खाचेत बसते ती खाच नव्या संगणकांना नव्हतीच. अखेर एक परिवर्तक आज्ञावली मिळाली. तिने मजकूर युनिकोडमध्ये आणला. मात्र तिला ठाऊक असलेली टंकाची आवृत्ती आमच्या आवृत्तीपेक्षा थोडी वेगळी होती. रफार भलत्या अक्षरांवर गेले. 'दुसऱ्या', 'सासऱ्या' यांतला र कोठे दिसेनासा झाला, कोठे रफार झाला. हे दोष ओळखू येण्याजोगे होते. दोन दिवाळीच्या सुट्ट्या खर्चून ते काढले. ओळखू न येणारा दोष वेगळाच होता. परिवर्तकाने काही ठिकाणी ण चा न केला होता.

आमच्या भागातल्या बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, हे आम्ही ऐकत आलो आहोत. काही बाया 'पाणी' म्हणत, काही 'पानी', आणि दुसऱ्या फेरीत आम्ही नेमके असलेच फरक नोंदविले होते. आता फायलीत 'पानी' दिसते तेव्हा ते त्या बाईचे आहे की यंत्राचे, हे सांगता येत नाही. पहिल्या छापील प्रतीत 'पाणी' असले तरी निर्णय होत नाही, कारण ती दुरुस्तीपूर्वीची. विचारावे तर सांगणाऱ्या बायांपैकी बहुतेक आज नाहीत.

अक्षरजुळणीचे बिल, तबकडीचे पैसे, सुट्ट्यांचे तास हे सारे मालकीखर्चाच्या तक्त्यात बसविता येईल. हा शेवटचा खर्च कोणत्या रकान्यात लिहावा, हे गार्टनरची रीत सांगत नाही.

सकळ लिपी आणि शुद्ध प्रत

वाङ्मयेतिहासाच्या वाचकांना ही गोष्ट अपरिचित वाटणार नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि किल्ली पंथापुरती ठेवली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीचा उलगडा होईपर्यंत, मराठीचे हे आद्य गद्य मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञात होते. दोन्हींत साम्य आहे: मजकूर मराठीच, पण वर्णांच्या जागी दुसरी चिन्हे आणि किल्ली थोड्यांच्या हाती. फरकही आहे. महानुभावांनी जाणूनबुजून कुलूप लावले आणि मठांत पिढ्यान्‌पिढ्या किल्ली जपली. आपण न कळत कुलूप लावून घेतले, आणि किल्ली अशा आज्ञावलीपाशी ठेवली जिचे आयुष्य दहा वर्षांचेही नव्हते.

दुसरे उदाहरण आमच्याच तालुक्यातले. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे. प्रतींवरून प्रती होत गेल्या, पाठ बिघडत गेले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. मधे २९४ वर्षे गेली. हाही एका अर्थी मालकीखर्चच: ग्रंथ आपला म्हणावयाचा, तर कोणीतरी कधीतरी प्रती जमवून, ताडून पाहण्याचे श्रम करावे लागतात. एकनाथांना ते करता आले, कारण बिघडलेली प्रतसुद्धा वाचता येत होती. लेखनिकाचा प्रमाद हा माणसाचा असतो. त्याचे कारण शोधता येते, ऐकण्यातली चूक आणि लिहिण्यातली चूक यांत भेद करता येतो. आमच्या फायलीतला ण-न चा गोंधळ करणाऱ्या लेखनिकाला मराठी येतच नव्हती.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

यावरून कोणी म्हणेल की लिनक्स आणि युनिकोड घ्यावे, प्रश्न मिटला. आम्हांला तसे वाटत नाही. जर्मनीतील म्युनिक शहराचे उदाहरण बोलके आहे. तेथील नगरपरिषदेने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स स्वीकारण्याचे ठरविले आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. शहराने बचत झाल्याचे सांगितले. मायक्रोसॉफ्टसाठी केलेल्या अहवालाने उलट दावा केला. २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. या घटनेचा उपयोग दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने करतात. आम्हांला त्यातले लक्षणीय वाटते ते हे की, दहा वर्षांतले पुष्कळसे श्रम नवी यंत्रणा बसविण्यात नव्हे, तर जुन्या यंत्रणेतले पत्रनमुने, अर्ज आणि दस्तऐवज सोडवून घेण्यात गेले. केरळच्या शाळांनी मुक्त आज्ञावली स्वीकारल्या आणि टिकविल्या, पण त्यासाठी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था राज्याने उभी केली. परवाना फुकट असतो. शिकणे आणि शिकविणे फुकट नसते.

मॅकच्या बाबतीतही असेच. ॲपलने आपल्या यंत्राचे अंतरंग १९९४, २००६ आणि २०२० अशा तीन वेळा बदलले. दर वेळी जुन्या आज्ञावलींसाठी काही वर्षांची सवलत दिली. पहिल्या दोन वेळची सवलत काढूनही घेतली. ज्या मुद्रकांचे टंक जुन्या मॅकवर होते त्यांना जुना मॅक जपून ठेवणे भाग पडले. यंत्र टिकाऊ असणे आणि त्यातला मजकूर टिकणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

युनिकोडलाही देखभाल लागते. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या आवृत्तीत. तोवर अ वर चंद्र देऊन काम भागविले जाई, आणि तसा लिहिलेला शब्द नव्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. 'दुसऱ्या'तला र सुद्धा दोन रीतींनी साठविता येतो. डोळ्यांना एकच दिसणारे शब्द यंत्राला दोन वाटतात. पण या दोषांचे स्वरूप निराळे आहे. नियम प्रसिद्ध आहेत, कोणालाही वाचता येतात, म्हणून दोष कोणालाही काढता येतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर तो मजकूर तोच राहतो. तिघांतली स्पर्धा चालू राहावी आणि तिच्या निकालावर आपल्या ओव्यांचे भवितव्य अवलंबून नसावे, ही सोय या प्रमाणाने केली. राईरकर-पॉइतवाँ यांचा संग्रह २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने वाचावयास मिळू लागला. त्यामागे अनेक माणसांनी अनेक वर्षे केलेली राखण आहे.

तक्त्यातला एक रकाना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण उत्तम चालणारे असंख्य संगणक त्यामुळे निर्लेखनाच्या वाटेवर आले. आमच्या परिचयाच्या विभागांतही पुन्हा दरपत्रके मागविली जात आहेत. नवी यंत्रे घ्यावीत की जुन्यांवर लिनक्स घालावा, याची चर्चा आहे. मॅकचा विचार आमच्याकडे कोणी करीत नाही. आमचे मत विचारले तेव्हा आम्ही कोणत्याही एका पक्षाची तरफदारी केली नाही. तुलनात्मक तक्त्यात एक रकाना वाढवावा, एवढे सुचविले: या यंत्रातला मजकूर दहा वर्षांनी, ही कंपनी नसताना, दुसऱ्या यंत्रात वाचता येईल काय, आणि त्यासाठी काय खर्च येईल? हाच प्रश्न शोधप्रबंधांनाही विचारावा. प्रबंधाची युनिकोड प्रत आणि साधी मजकूर फाइल मागावी; नियतकालिकांनी छपाईची फाइल मुद्रकाकडे सोडून देऊ नये; संग्राहकाने दुरुस्तीनंतरची एक प्रत कागदावर काढावीच. सल्ले साधे आहेत. २००४ मध्ये ते आम्हांला कोणी दिले नाहीत आणि आम्हांलाही सुचले नाहीत.

आमचा ओवीसंग्रह आता युनिकोडमध्ये आहे. तीन ठिकाणी त्याच्या प्रती आहेत, एक कागदावर. जेथे ण की न याचा निर्णय झाला नाही अशा प्रत्येक जागी आम्ही समासात प्रश्नचिन्ह केले आहे. चांद्याच्या एक आजी अजून आहेत. त्यांच्या ओव्या त्यांना वाचून दाखविल्या तेव्हा अकरा प्रश्नचिन्हे खोडता आली. उरलेली तशीच आहेत.